हॉटेल कोणाच्याच घरचं नसतं

माझी आई माझ्या घरी येते ती स्वतःचा डबा घेऊन. नुसता डबा नाही, पाण्याची बाटलीसुद्धा. देवळीहून वर्धेला बसनं पाऊण तास लागतो. नऊच्या सुमारास ती माझ्या दारात उभी राहते, पिशवीतून वांगी, पालक, मेथीच्या जुड्या काढून माझ्या ओट्यावर रचते आणि दुपारी एक वाजला की माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच पाटावर बसून आपल्या डब्यातली गार पोळी खाते. मी समोर बसलेली असते. माझ्या गॅसवर भाजी रटरटत असते, कुकरमध्ये भात असतो. ती पोळीचा तुकडा मोडते, चटणीला लावते आणि मला देवळीच्या बातम्या सांगते. पंधरा वर्षं हे असंच चालत आलं.

आमच्यात रीत आहे तशी. लेकीला लेकरू होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. लेकरू झालं की बारशाला मानानं जेवायचं, आणि त्या दिवसापासून सगळं मोकळं. बहुतेकांचं हे वर्षा-दोन वर्षांत उरकतं. माझं उरकलं नाही. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी दिवस राहिले होते, पाचव्या महिन्यात सगळं संपलं. पुढची आठ वर्षं नागपूरचे दवाखाने, गोळ्या, सुया, तपासण्या. मग एक दिवस मी आणि माझ्या नवऱ्यानं, गजेंद्रांनी, ती जाडजूड फाइल कपाटाच्या वरच्या खणात ठेवली आणि पुन्हा खाली काढली नाही. मी आता एक्केचाळीस वर्षांची आहे. विषय संपला, असं मी सगळ्यांना सांगते आणि स्वतःलाही.

हे मी रडत सांगत नाही. मला रडायला वेळ नसतो. गोल बाजाराजवळ माझं मॅचिंग सेंटर आहे. बायका साडी घेऊन येतात आणि जगात नसलेल्या रंगाचं अस्तर मागतात. मी जवळपासचा रंग काढून, दारात उजेडात नेऊन, असा धरते की त्या स्वतःच म्हणतात, हेच तर पाहिजे होतं. दिवसभर शहाण्यासुरत्या बायकांना पटवणारी मी, पण एका म्हातारीला माझ्या घरचं पेलाभर पाणी पाजू शकले नाही.

तसं पाहिलं तर रीत आमच्या घरातच मोडली होती. माझे बाबा, ताराचंद त्यांचं नाव, ते दुसऱ्या वर्षापासूनच माझ्याकडे चहा प्यायला लागले. चहा म्हणजे अन्नही नाही आणि पाणीही नाही, ते औषध आहे, असा त्यांचा कायदा. दोन कप प्यायचे आणि प्रत्येक घोटाला आईकडे बघायचे. आई मान फिरवून खिडकीबाहेर बघायची. माझी चुलत बहीण आचल, तिलाही चार वर्षं मूल नव्हतं, पण तिचे आईबाप तिच्याकडे राहून, जेवून, वर डबा बांधून घेऊन जायचे. आजकाल कोण पाळतं, म्हणायचे. माझी आई पाळायची. बाबा जाऊन सहा वर्षं झाली, तरी ती पाळायची.

मला याचा राग यायचा, आणि राग आला की माझी जीभ चालते. एकदा मी तिला तोंडावर म्हटलं की डबा आणायचा असेल तर येऊच नको. ती तीन महिने आली नाही. चौथ्या महिन्यात दार वाजलं, उघडलं तर ही उभी, एका हातात वांग्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात डबा. मी काय करणार होते? बाजूला झाले आणि आत घेतलं. पण खरं सांगायचं तर त्या डब्याचं झाकण उघडताना जो आवाज होतो ना, तो मला ऐकवत नसे. शेजारणी विचारायच्या ते मी टोलवायचे. नणंदा टोमणे मारायच्या ते दुप्पट करून परत द्यायचे. पण आईचा डबा उघडला की त्यातून एकच गोष्ट बाहेर यायची, की मयुरीला मूल नाही. आणि हे माझ्या आईनंच, दर महिन्याला, बस पकडून येऊन मला सांगावं, याला मी काय म्हणू?

यंदाच्या हिवाळ्यात तिच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. एक दिवाळीनंतर, दुसरा डिसेंबरात. दोन-अडीच वर्षं तिला नीट दिसत नव्हतं आणि तिनं ते कोणाला कळू दिलं नाही. माणूस आवाजावरून ओळखायची आणि भाजी हातानं चाचपून निवडायची. शेवटी मेथीत गाजरगवत निघालं तेव्हा माझ्या भावाच्या, किशोरच्या लक्षात आलं. जानेवारीत शेवटची तपासणी होती, चष्मा मिळायचा होता. मला वाटलं, या निमित्तानं तिला काहीतरी द्यावं. साड्या पेटीत पडून आहेत, त्यातल्या चार तर मीच दिलेल्या, घड्या न मोडलेल्या. सोन्याचं नाव काढलं तर म्हणते, म्हातारीले काय करायचं. मला काय द्यायचं होतं ते मला पक्कं माहीत होतं. एक वेळचं गरम जेवण. तिनं ते माझ्यासमोर बसून खावं, एवढंच.

मार्ग गजेंद्रांनी काढला. आमचे गजेंद्र पंपाचे सुटे भाग विकतात आणि दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलतात, त्यातली पंधरा गिऱ्हाइकांशी. त्या रात्री जेवताना म्हणाले, “हॉटेल कोणाच्याच घरचं नसतं. हॉटेलात ने.”

लाखातलं बोलले. पण लगेच पुढचा प्रश्न आला. हॉटेल कोणाच्या घरचं नसलं, तरी खाऊ घालणारा कोणीतरी असतोच. मी नेलं तर ते माझंच अन्न झालं, आईच्या हिशेबात भिंती बदलल्यानं काही फरक पडत नाही. म्हणून मी किशोरला फोन लावला. जेवण तुझ्याकडून आहे असं आईला सांगायचं, डोळे चांगले झाले म्हणून पोरानं दिलेलं. किशोर वावरात भाजीपाला पिकवतो, रोज पहाटे वर्धेच्या बाजारात माल उतरवतो आणि त्याला खोटं बोलता येत नाही. आमच्या घरात तो वारसा माझ्याकडेच आला. तो म्हणाला की ताई, सांगायचं काम तू कर, मला विचारलं तर मी फक्त हो म्हणेन.

मग सुरू झाला हॉटेलांचा शोध. चार रविवार आम्ही दोघं वर्धेत जेवत फिरलो. गजेंद्रांची तक्रार नव्हती.

पहिलं पाहिलं ते आर्वी नाक्याकडचं. नवीन, काचेचं दार, गार हवा. पण वर जायला बावीस पायऱ्या आणि आईचे गुडघे गेलेले. शिवाय आत इतका अंधार की गजेंद्रांनी लिंबू समजून मिरचीचा तुकडा चोखला. आजकाल अंधाराचेही पैसे घेतात म्हणे. मी म्हटलं, मोतीबिंदू काढून आणलेल्या बाईला पुन्हा काळोखात बसवायचं, तर मग ऑपरेशन केलं कशाला?

दुसरं सेवाग्राम रस्त्यावरचं. बाहेर रंगवलेली बैलगाडी, भिंतीला सूप आणि टोपल्या टांगलेल्या, वऱ्हाडी थाळी म्हणून मोठा फलक. आईनं आयुष्यभर त्या सुपात धान्य पाखडलं, तिला ते भिंतीवर बघायला न्यायचं म्हणजे गंमतच. पण तेही चाललं असतं. बिघडलं ते भरल्या वांग्यानं. पहिला घास घेतला आणि मी थांबले. भाजी गोड होती. साखर घातलेली. माझ्या डोळ्यासमोर आलं, पंधरा वर्षांनी आई माझ्याकडून जेवतेय आणि खातेय काय, तर हे. आणि त्याच घासाला माझ्या डोक्यात ते शिरलं, जे नंतर निघता निघेना. थाळी हॉटेलची असू दे. पण त्यात एक वाटी माझ्या हातची असली पाहिजे. तिला कळायची गरज नाही. मला कळलं तरी पुरे.

गजेंद्रांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले की हे भलतं आहे. होतंच भलतं. पण लागलेला नाद कोणाच्या सांगण्यानं सुटतो का? मी तिथंच मॅनेजरला गाठलं. माझी भाजी मी आणून देईन, तुम्ही फक्त तुमच्या वाटीत वाढायची, असं म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी विष घेऊन आले आहे. मग त्यानं बोट दाखवलं. भिंतीवर पाटी होती, बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई.

तिसरं बसस्थानकाच्या बाजूचं. तिथला मालक सगळ्यालाच हो म्हणत होता. भाजी आणा, भात आणा, हवं तर इथंच येऊन रांधा. पण एका टेबलावर तीन कुटुंबं कोंबलेली, आणि उभे असलेले लोक बसलेल्यांच्या ताटात बघत होते. अशा ठिकाणी आई चार घास खाऊन उठली असती, दुसऱ्याला जागा पाहिजे म्हणून.

चौथं बाजारातलंच निघालं, माझ्या दुकानापासून चार मिनिटांवर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. जुनं भोजनालय, तळमजल्यावर, रस्त्याकडे दोन मोठ्या खिडक्या. नत्थू नावाचा पन्नाशीचा वाढपी पोळीवर पोळी टाकतो आणि नको म्हटलं की त्याला वाईट वाटतं. मालक प्रभाकरराव गल्ल्यावर बसतात. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, कशासाठी? मी तोंड उघडलं, आणि दिवसभर जगाला गुंडाळणारी मी, मला त्या क्षणी एकही थाप सुचेना. जे होतं ते सांगून टाकलं. रीत, डबा, पंधरा वर्षं, सगळं. प्रभाकररावांनी गल्ल्याचा खण लोटला. मग म्हणाले, बुधवारी गर्दी कमी असते, भाजी साडेअकरापर्यंत मागच्या दारानं पोचती करा. जेवणाचे पैसे त्यांनी आधीच घेऊन टाकले, म्हणजे आईसमोर बिलाचा कागद यायला नको. हॉटेल ठरलं.

बुधवारी मी साडेचारला उठले. किशोरनं आदल्या पहाटे बाजारात माल उतरवताना दोन किलो वांगी माझ्या दुकानाच्या पायरीवर ठेवली होती, लहान, जांभळी, काट्याची. मी शेंगदाणे भाजले, तीळ भाजले, खोबरं किसलं, मसाला पाट्यावर वाटला. मिक्सर समोर असून वाटला. आईनं शिकवलेली भाजी होती. दोनदा चव घेतली. दोनदा वाटलं मीठ जास्त झालं, दोनदा वाटलं कमी पडलं. शेवटी गजेंद्रांना चाखायला दिली. ते म्हणाले, आता हात लावू नको.

भाजी पोचवायचं त्यांच्यावर सोपवून मी आईला घेऊन सेवाग्रामच्या दवाखान्यात तपासणीला गेले. डॉक्टरांनी डोळे पाहिले, छान म्हणाले, तिथंच चष्मा मिळाला. बाहेर आल्यावर आईनं तो लावला. मग आमची रिक्षा सेवाग्रामहून निघाली ती बाजारात पोचेपर्यंत बाई एकसारखी पाट्या वाचत होती. चौथी शिकलेली माझी आई. कृषी केंद्र वाचलं, ज्वेलर्स वाचलं, सलून वाचलं, खांबावरच्या जाहिरातीतला मोबाइल नंबर आकड्या-आकड्यानं वाचला. रिक्षावाला हसायला लागला. मला किती बरं वाटत होतं ते सांगता येणार नाही. असं वाटलं की ती माझी मुलगी आहे आणि मी तिला शाळेत घालायला चालले आहे.

भोजनालयात नत्थूनं आम्हाला खिडकीजवळचं टेबल दिलं. ते मीच सांगून ठेवलं होतं, आईला रस्ता दिसावा म्हणून. ती भिंतीकडे बसली, मी तिच्या समोर, खिडकीचा उजेड सरळ माझ्यावर. पिशवी तिनं मांडीवरच ठेवली. आत डबा होताच, त्याचा कोपरा दिसत होता. मी तिकडे पाहिलं नाही. किशोरनं कसं आठवणीनं सांगितलं, किशोर कसा म्हणत होता की आईला पोटभर जेवू घाल, असं माझं सुरू होतं. ती हं हं करत होती.

ताटं आली. वरण, भात, पोळी, कढी, मेथीची भाजी, कोशिंबीर, लोणचं, शेवयांची खीर. आणि एका वाटीत दोन भरली वांगी, वर तर्री. नत्थूनं ती वाटी आईच्या ताटात ठेवताना जरा जास्तच काळजी घेतली, मी त्याला डोळ्यांनी दटावलं.

आईनं ताटाला नमस्कार केला. हात पुढे नेला आणि वाटीवर थांबवला. चष्मा बोटानं वर सरकवला. मग वाकून बघू लागली. मी म्हटलं, किशोरनं सांगितलं होतं की वांगी पाहिजेतच. एक वांगं तिनं बोटानं उलटं केलं. आमच्या घरी भरल्या वांग्याचा देठ अर्धा कापतात आणि उरलेल्या देठाला उभी चीर देतात, म्हणजे तो शिजतो आणि चोखता येतो. माझ्या आजीची पद्धत ती. वर्धेत काय, सगळ्या जिल्ह्यात दुसरं कोणी करत असेल असं मला वाटत नाही. मी पहाटे अंधारात, झोपेत, हाताच्या सवयीनं तशीच कापली होती वांगी.

“हे तू केलं,” आई म्हणाली.

मी नाही म्हणणार होते. मग म्हटलं की हो, पण वांगी तुझ्याच वावरातली आहेत.

“वावर माहं. हात तं तुहा हाय न.”

मग तिनं सांगितलं की किशोरलाही तिनं आदल्या संध्याकाळी विचारलं होतं, जेवण तू देतो का म्हणून. तो हो म्हणाला, आणि एकदा नाही, तीनदा म्हणाला. एवढ्या वेळा हो तर त्यानं सोयरीक ठरवतानाही म्हटलं नव्हतं. म्हणजे घरून निघतानाच तिला सगळं माहीत होतं. मला लाजही वाटली आणि रागही आला. पंधरा वर्षांचा राग, तो काही मिनिटात ओसरत नाही. आजूबाजूला लोक जेवत होते म्हणून आवाज खाली ठेवला, पण सोडलं नाही. बाबांनी रीत मोडली, आचलच्या घरच्यांनी मोडली, सगळ्या गावानं मोडली आणि कोणाचं काही वाईट झालं नाही, मग तुझ्याच रीतीला काय सोनं लागलं आहे? मला मूल झालं नाही ही माझी चूक आहे का? दर महिन्याला माझ्या घरात बसून गार पोळी खाऊन मला ते दाखवायलाच पाहिजे का? असं बरंच काही बोलले. सगळं एकदम निघालं. नत्थू पोळ्यांचं ताट घेऊन येत होता, तो अर्ध्यातून परत गेला.

आई ऐकत होती. माझं संपल्यावरही ती माझ्याकडेच बघत होती, आणि इतका वेळ बघत होती की मला पदर सारखा करावासा वाटला.

“रीतीचं काय हाय,” ती म्हणाली. “रीत तं तुह्या बापानंच चहात बुडवली. मीबी सोडली असती. रीत नोहे ते.”

मग तिनं सांगितलं. हळू आवाजात, वांग्याच्या वाटीकडे बघत, थांबत थांबत.

“तू दवाखान्यात पडली होती. पाच महिन्याचं गेलं तुहं. मी भाईर बाकावर बसली होती. मले देवाधर्माचं जास्त काई समजत नाई. मी मनातच म्हणलं, जेवीन तं हिच्या लेकराच्या बारशाचं जेवीन. तवरोक हिच्या घरचं पाणीबी नाई. म्हणलं, माय उपाशी बसली दिसली तं देव कवातरी पायीन.”

मी माझं ताट बाजूला सरकवलं.

“कोणाले सांगितलं नाई. तुह्या बापालेबी नाई. बोललेलं सांगितलं की जाते म्हणतात. मंग मी रीतीचं नाव पुढं केलं. तू चिडायची, तवा वाटे सांगून टाकावं. पण सांगितलं असतं तं गेलं असतं न वं.”

आता तिनं ते सांगितलं होतं. हे मला एका क्षणानं उशिरा कळलं. मी विचारलं, मग आज का सांगितलंस?

तिनं टेबलावरून हात लांब केला आणि माझ्या कानाजवळचे केस बोटानं मागे सारले. मेंदी लावून दोन महिने झाले होते, मुळं सगळी उघडी पडली होती.

“दोन-अडीच वर्सं मले तुहा चेहरा दिसलाच नाई, पोरी. आवाज आयकू ये. आवाज तं तसाच हाय. माह्या मनात तू तीच होती, लग्नातली. मले वाटे, हाय अजून वेळ. आज चष्म्यातून पायलं, या उजेडात. हे पांढरे झाले तुहे. डोळ्याखाली काळं झालं. म्हणलं, आता मी कोणासाठी धरून बसली?”

तिच्या बोलण्यात रडणं नव्हतं. एखादं काम आटोपून हात धुवावेत तशी ती शांत होती. तिनं पोळीचा तुकडा मोडला आणि वांग्याला लावला.

मी तुम्हाला खरं सांगते. ती फाइल वरच्या खणात ठेवली त्या दिवशी मला वाटलं होतं की मी विषय संपवला. नागपूरच्या डॉक्टरांनी संपवला, गजेंद्रांनी एक शब्द न बोलता संपवला, शेजारणींनीही विचारायचं सोडलं. आणि मला ठाऊकच नव्हतं की देवळीत एका म्हातारीनं तो संपू दिलेला नाही. महिन्याला एकदा बसनं येऊन, माझ्या पाटावर बसून, माझी बोलणी खाऊन, गार पोळी चावत तिनं तो तेवढा उघडा ठेवला होता. जगात एक तरी माणूस अजून माझ्या लेकराची वाट बघत होतं. मी मात्र पंधरा वर्षं तिच्या मागे लागले होते, की बघू नको. चार हॉटेलं फिरले त्यासाठी. पहाटे उठून मसाला वाटला.

घास तिच्या तोंडाजवळ गेला आणि मी तिचं मनगट धरलं.

“आई, राहू दे. नको खाऊ.”

तिनं माझा हात सोडवला. ओढून नाही, एक-एक बोट उचलून, लहानपणी मी तिचा पदर धरून ठेवायचे तेव्हा सोडवायची तसा. आणि तो घास खाल्ला. सावकाश चावला. दुसरा खाल्ला. देठ चोखला आणि ताटाच्या कडेला ठेवला. मी रडत होते, आणि बाजूच्या टेबलावरचे लोक बघत होते, बघू देत. मला तिच्याकडे बघायचं होतं. माझ्या हातचं खाताना ती कशी दिसते हे मला पंधरा वर्षं बघायचं होतं, आणि आता दिसत होतं ते पाण्यातून.

नत्थू धीर करून आला आणि म्हणाला की माय, भाजी आणू अजून? आईनं मान हलवून आण म्हटलं. मग माझ्या ताटाकडे बोट केलं.

“जेव. निवून राह्यलं सगळं,” ती म्हणाली. “मीठ बरोबर हाय. अन् पुढच्या डाव घरीच करजो. हाटेलात कायले.”

मी हो म्हटलं. घास उचलला आणि तोंडात घातला, कारण ती बघत होती, आणि आता तिला सगळं दिसत होतं.